टिपरे सरांची खुर्ची

आमच्या गावात उन्हाळा आला नाही तो प्रा. मनोहर टिपरे यांच्यामुळे.

इथले ऋतू वाचनालयाच्या फळ्यावरून चालतात. दर शनिवारी कविमंडळ जपानी पद्धतीची साखळीकविता पुढे नेतं. एकाने तीन ओळी लिहायच्या, दुसऱ्याने त्यांना दोन जोडायच्या. शेवटच्या कडव्यात जो ऋतू, तोच गावात. माघात खडू सरांकडे आला. त्यांनी लिहिलं:

रिकामी खुर्ची
तिच्यावर कुणीच
नाही, म्हणून

यात ऋतूच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून गावातही नव्हता. गार नाही, गरम नाही. पंखा लावला तरी नको वाटे, बंद केला तरी नको. कैऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. माणसं उगाच उठून दारापर्यंत जायची आणि परत यायची.

माझी बहीण मंजिरीताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तारीख चैत्रातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ ठीक आहे. पण चैत्रच लागत नाही, त्याला मी काय करू?" ताईला बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. सुजलेल्या पायांनी ती भिंत धरून येरझाऱ्या घालायची.

"कॉलेज सोडून कविताच करतोस ना?" ती धापा टाकत म्हणाली. "मग कर की एखादी कामाची."

वाचनालयात मंडळी चहा पीत होती.

"सर, पुढचं कडवं माझं," मी म्हणालो.

"पुढचं काही नाही, खंडागळे. कविता माझ्या ओळीवर संपली. आधुनिक कविता ऋतू पाळत नाही. विलायतेतल्या नवकवींनी हायकूतून काय उचललं? प्रतिमा! एकटी, स्वयंपूर्ण."

"त्यांच्यापर्यंत तेवढंच पोचलं, सर. हायकू मुळात साखळीचं पहिलं कडवं. पुढच्यानं बोलावं म्हणून लिहिलेलं. त्यांना ते नसेल ठाऊक. तुम्ही ठाऊक असून खडू अडवून बसलाय."

"दुसऱ्या वर्षाला नापास झालेल्यानं मला शिकवू नये."

"नापास नाही झालो. सोडलं. तुमच्याच तासाला, मधूनच उठून."

बाकीच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. आयुष्यभर त्यांनी तेवढंच केलंय.

सचिव पानवलकरबाईंनी नियम सांगितला. आधीच्या कवीची संमती नसली तरी लिहिता येतं. मात्र त्या कडव्यात जो ऋतू येईल, तो लिहिणाऱ्याच्या वाट्यातून कापला जातो. कायमचा.

"नीट विचार कर रे," त्या म्हणाल्या.

"खडू द्या."

मी लिहिलं:

गच्चीवर आईनं
सांडगे घातलेत

"सांडगे?" सर ओरडले. "ही कविता आहे की वाणसामान?"

"खुर्ची रिकामी का, ते सांगितलंय. तुम्ही कुणाला विचारलंच नव्हतं."

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली. पानवलकरबाईंनी उठून खिडक्या लावून घेतल्या, कारण बाहेर ऊन मी म्हणत होतं. घरी पोचलो तेव्हा ताईला कळा सुरू झाल्या होत्या. दिवेलागणीला मुलगी झाली.

आता सर ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरतात आणि यंदाचा उन्हाळा फारच कडक आहे म्हणून कुरकुरतात. भाची घामोळ्यांनी रडते. ताई तिला वारा घालता घालता आंबे चोखते आणि कोय माझ्यापुढे धरते.

मला चव लागत नाही. भर दुपारी गच्चीवर अनवाणी उभा राहिलो तरी पाय भाजत नाहीत. माझे पुढचे सगळे उन्हाळे गेले.