फोनवर टाकलेला नवस

"सहा महिने थांब फक्त! आपल्या खानावळीत जेवाले लोक विमानानं येतीन!"

पायातली चप्पल काढायच्या आधीच नवीनने हे जाहीर केलं. अनसिंगात विमान उतरायचं कुठे, ते त्याने सांगितलं नाही. उज्ज्वलानेही विचारलं नाही. तिचे हात कणकेत होते, आणि नवऱ्याच्या बोलण्यापायी हातातलं काम थांबवायची सवय तिने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडली होती.

"पातेलं आनलं काय?" तिने विचारलं.

"कोनतं पातेलं?"

घ्या! हा माणूस सकाळी कारंज्याला गेला होता तो खानावळीसाठी मोठं पातेलं आणायला. तिथे कुण्या सरांचं एक दिवसाचं फुकट शिबिर लागलं होतं, 'छोटा धंदा, मोठं नाव'. हा त्यात जाऊन बसला आणि गळ्यात बिल्ला अडकवून परत आला. पातेलं कारंज्यातच!

आठ वर्षं उज्ज्वला शाळेतल्या मास्तरांना आणि बँकेतल्या साहेबांना घरून डबे देत होती. आता कुठे बसस्टँडजवळ रूपलाभाऊंनी गाळा द्यायचं कबूल केलं होतं, तेही अटीवर. "महिनाभर चालवून दाखव. चाललं तं गाळा तुहा. नाई तं मोबाईलवाला रोज फोन करून राह्यला मले." त्या एका महिन्यासाठी तिने पीठ, तेल, तूप, डाळ, सगळं भरून ठेवलं होतं. येत्या रविवारी उद्घाटन. त्या गाळ्याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि नवीनला सुचत होता ब्लॉग!

"लोक जेवन नाई इकत घेत, उज्ज्वला. लोक कहानी इकत घेतात. सरांनी सांगतलं. आपलं मन मोकळं करा लागते."

मग त्याने मन मोकळं केलं. पहिला लेख होता 'वांग्याने मला काय शिकवलं'. वांगं याला काय शिकवणार कप्पाळ? बारा वर्षांच्या संसारात याने एक वांगं चिरलं नव्हतं! तरी लेखात जीवनाचे पाच धडे होते, आणि पाचही वांग्याच्या तोंडी. त्याला लाईक आले सात. त्यातला एक नवीनचा स्वतःचा, दुसरा त्याने आईच्या फोनवरून दिलेला, आणि बाकीचे शिबिरात भेटलेल्यांचे, म्हणजे उसने.

"सात!" तो दिवसभर घरात सांगत फिरला. "पहिल्याच लेखाले सात!"

दुसऱ्या दिवशी सातचे आठ होईनात, तेव्हा त्याने सरांना फोन लावला. सर म्हणाले, "रडवा! वाचक रडला की तो तुमचा गिऱ्हाईक झालाच म्हणून समजा. आणि थाळीचा भाव अजिबात लिहू नका."

नवीन रडवायला बसला. त्याने लिहिलं, 'माझ्या माउलीने उपाशीपोटी मारोतीसमोर पदर पसरला होता. देवा, माझ्या सुनेची खानावळ लागू दे, मी अख्ख्या पंचक्रोशीला रोडगे-वांग्याचं जेवण घालीन! येत्या रविवारी ती घडी आली आहे. आमच्या डोळ्यांतलं पाणी पाहायला नक्की या.'

धादांत खोटं! नवस तर सोडाच, त्याच्या आईची, म्हणजे गोमतीबाईंची, आणि उपाशीपोटाची उभ्या आयुष्यात गाठ पडली नव्हती. चतुर्थीच्या उपासालासुद्धा त्या साबुदाण्याची दुसरी वाटी मागून घेत.

पण या शहाण्याला एवढंही कळू नये? आपल्या भागात नवसाचे रोडगे म्हणजे काय असतं! गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड गोळे, तुपात बुडवलेले, सोबत झणझणीत वांग्याची भाजी. त्याला आमंत्रण लागत नाही. कानावर आलं की घरची चूल बंद ठेवायची आणि ताट-तांब्या घेऊन निघायचं. नवस एकाचा, पण तो फिटला पाहिजे ही काळजी साऱ्या गावाची. पैशाचं तर नावसुद्धा काढायचं नाही.

उज्ज्वलाला फोन बघायला वेळ कुठला! तिला कळलं ते शनिवारी, वांगी घ्यायला सोजरबाईच्या दुकानावर गेली तेव्हा. सोजरबाईने पाच किलोऐवजी अख्खं टोपलं पुढे ढकललं.

"एवढे कायले वो?"

"ने ना बाई! नवसाच्या वांग्याचे पैसे घेऊन मी कोन्त्या नरकात जाऊ? उद्या आमी घरचे अकराही जन येतो. माह्या माहेरचे बी येतात, कामरगावहून. जीप सांगतली त्याईनं."

"कायचा नवस?"

"अवो, तुह्या सासूचा! मी वाचलं अन् अशी रडली, अशी रडली, का गिऱ्हाइकाले मिरच्या मोजाच्या भुलली!"

उज्ज्वला टोपलं घेऊन घरी आली ती भडकलेलीच. "काढा तो लेख! आत्ताच्या आत्ता काढा!"

"काढला तं लोक म्हनतीन खोटा होता."

"खोटाच हाय ना तो!"

"असं नसते ते. त्याले कहानी म्हनतात," नवीन म्हणाला. "आतापावतर तीन हजार लोकाईनं पुढे पाठवला, मालूम हाय काय तुले?"

शेवटी तिने डोळे वटारल्यावर त्याने खुलासा टाकला, 'सदर नवस ही लेखकाची कल्पना आहे.' तो वाचला चौघांनी. त्यातल्या तिघांनी खाली लिहिलं, 'नवस बोलून फिरता? मारोती पाहून घेईन!'

आता एकच आशा होती. खुद्द सासूने सांगितलं असतं की मी बोललेच नाही, तर विषय संपला असता. उज्ज्वला ओसरीत गेली. गोमतीबाई पाटावर बसल्या होत्या, समोर सहा-सात बाया, आणि प्रत्येक बाई पाया पडत होती. म्हातारीचा चेहरा असा फुलला होता की बघायची सोय नाही.

"आत्याबाई, सांगा ना याईले, तुमी कई बोलल्या नवस?"

गोमतीबाईंनी पुढच्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला. "बोलली असन."

"कवा?"

"झोपीत बोलली असन. झोपीत बोललेला नवस देवाले आयकू येत नाई काय?" आणि बायांकडे वळून म्हणाल्या, "वरनाचं बी बोलली होती मी. अन् गोड बुंदी."

झालं! नवसात बुंदी वाढली.

रविवारी जे लोक आले, बाप्पा, जे लोक आले! अनसिंगचे आले, वाशिमचे आले, कामरगावची जीप टपावर माणसं घेऊन आली. बाया न सांगता कणिक मळायला बसल्या, पुरुषांनी गोवऱ्या पेटवल्या. धम्मपाल सर, म्हणजे आठ वर्षं तिचा डबा खाणारे शाळेतले मास्तर, ताट घेऊन रांगेत उभे होते. "आमी नवस मानत नाई, वहिनी," ते म्हणाले. "पन रोडगे मानतो!"

कारंज्याचे सरही आले. त्यांनी चार रोडगे हाणले, गर्दीसोबत स्वतःचा फोटो काढला, 'माझ्या विद्यार्थ्याचं यश' असं लिहून टाकलं आणि हात धुऊन निघून गेले. एका महिन्याचं पीठ, तेल, तूप तिसऱ्या प्रहरापर्यंत संपलं. उज्ज्वला रिकाम्या डब्यांकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं, पण लेखात लिहिलं होतं तसं रडायची तिला लाज वाटली.

"पाह्यलं?" नवीन छाती काढून म्हणाला. "आता उद्यापासून पाह्य गर्दी!"

गर्दी झाली की! डब्याच्या जुन्या गिऱ्हाइकांकडून आगाऊ पैसे घेऊन तिने सोमवारी पुन्हा पीठ भरलं, थाळीच्या भावाची पाटी लावली. लोक आले, पोटभर जेवले, दारात बसलेल्या गोमतीबाईंच्या पाया पडले आणि चालते झाले.

"भाऊ, पैसे?"

"परसादाचे पैसे घेता काय वहिनी? नवस बाटन ना!"

एकट्या धम्मपाल सरांनी खिशात हात घातला, तर सारी खानावळ त्यांच्याकडे पाप केल्यासारखी बघायला लागली. शनिवारपर्यंत हेच चाललं. शनिवारी रूपलाभाऊ गल्ला रिकामाच पाहून मोबाईलवाल्याला घेऊन आले, आणि तो मेला तिच्या डोळ्यांदेखत फीत लावून गाळा मोजायला लागला!

मग मात्र उज्ज्वलाचं डोकं सणकलं. ती पदर खोचून भर गर्दीत उभी राहिली.

"आयका सारे! मी बी नवस बोलून राह्यली! हे मारोतीराया, महिनाभर जेवनारा हरेक मानूस पैसे देऊन जेवला अन् हा गाळा माह्या हाती राह्यला, तं माह्या नवऱ्याचा फोन वर्षभर पेटीत बंद ठेवीन अन् त्याच्या हातून खरकटे भांडे घासून घेईन!"



"माह्या फोनचा नवस तू कशी काय बोलते?" नवीन ओरडला.

"मायच्या तोंडचा तुमी नाई बोलले काय?"

"नवस पुरा झालाच पायजे!" सोजरबाई गरजली आणि पहिले पैसे तिनेच ठेवले. मग काय विचारता! नवीनला मोरीवर बसलेला पाहायची हौस साऱ्या गावाला होती. लोकांनी पैसे दिले, पाव्हण्यांना द्यायला लावले, कुणी विसरला तर दुसऱ्याने मागे धावून त्याला परत आणला. खुद्द रूपलाभाऊ पैसे ठेवून जेवले. महिना भरला, मोबाईलवाला गेला, गाळा राहिला. फोन गोमतीबाईंच्या पेटीत गेला आणि नवीन मोरीवर बसला.

दोन दिवसांनी धम्मपाल सर जेवायला आले ते हसतच. त्यांनी आपला फोन उज्ज्वलासमोर धरला. त्यात मोरीवर राखेने माखलेला नवीन तेच कारंज्याचं पातेलं घासत होता, जे शेवटी उज्ज्वलाने स्वतः जाऊन आणलं होतं. घासता घासता तो स्वतःशीच पुटपुटत होता, "या पातेल्यानं मले काय शिकवलं..." सरांनी गुपचूप काढलेला व्हिडिओ होता तो. खालचा लाईकचा आकडा लाखाच्या पुढे गेला होता आणि तिच्या डोळ्यांदेखत पळत होता.

मोरीवरून नवीनने मान उंचावली. "काय पाहून राह्यले वो? माह्यावाला व्हिडिओ हाय काय? किती लाईक आले?"

उज्ज्वलाने एकवार फोनकडे पाहिलं, एकवार नवऱ्याकडे.

"सात," ती म्हणाली, आणि खरकट्या ताटांचा ढीग त्याच्यापुढे सरकवला.