जांबूरावांची सीट

मुलांनो, सरकून बसा, सगळ्यांना जागा होईल.

सागाच्या एका जंगलात जांबूराव नावाचं एक अस्वल टपाल वाटायचं. वीस वर्षं त्यांनी ते पायीच वाटलं. मग दरबाराला अचानक वेग हवासा वाटला. फर्मान निघालं: टपाल यापुढे सायकलवरूनच. जमत नसेल त्याने घरी बसावं.

जांबूराव सायकल शिकले. अडचण सीटची होती. पहिली तीन दिवसांत वाकली. दुसरीची स्प्रिंग तुटली. तिसरी टिकली, पण ती इतकी अरुंद होती की जांबूरावांना रात्री पालथं झोपावं लागे.

त्यांनी तक्रार केली. दरबाराने सीट तपासणी समिती नेमली. समितीत दोघं होती, खारूताई आणि बगळेसाहेब. खारूताईंनी त्या सीटवर अख्खी दुपार काढली. डुलकीही घेतली.

"उत्तम सीट आहे," त्या म्हणाल्या. "शंभर वर्षं हलायची नाही."

"मग मला का टोचते?" जांबूरावांनी विचारलं.

"दोष सीटचा नाही, बसणाऱ्याचा आहे," बगळेसाहेब म्हणाले. "मध सोडा."

जांबूरावांनी महिनाभर मध सोडला. चेहरा उतरला, वजन उतरलं नाही. तीही सीट मोडली. तेव्हा ते टपालाची पिशवी आणि ती मोडकी सीट घेऊन ओढ्याकाठच्या वाळूत बसून राहिले.

भिवराबाई नावाची गवी तिथून चालली होती. ती लोहारकाम करायची.

"रडताय का दादा?"

"नाही. नुसता बसलोय. बरं वाटतंय."

भिवराबाईने त्यांना उठवलं. ओल्या वाळूत दोन खळगे उमटले होते. तिने दोन्हींमधलं अंतर दोरीने मोजलं.

"तुमचा भार पडतो इथं आणि इथं," ती म्हणाली. "त्या सीटवर तिथं काहीच नव्हतं."

तिने रुंद सीट बनवली. खाली जाड लोखंड, दोन दणकट स्प्रिंगा, वर ठासून भरलेला काथ्या.

"मऊ नाही का करायची?" जांबूरावांनी विचारलं.

"मऊ चार दिवसांत चेपते. मग खालचं लोखंड लागतं."

पहिल्याच दिवशी जांबूराव टेकडीपलीकडे जाऊन आले. वाटेत त्यांना सीटची आठवणसुद्धा झाली नाही. पुढे पावसाळा गेला, हिवाळा गेला. सीट होती तशी राहिली.

हे समितीला कळलं. खारूताई त्या सीटवर बसून पाहायला आल्या. त्यांचे पाय सीटच्या कडेपर्यंतही पोचेनात. बगळेसाहेबांनी चोच मारली. चोच दुखली.

"पण मला आराम पडतो," जांबूराव म्हणाले.

"तुमचं मत धरता येणार नाही," बगळेसाहेब म्हणाले. "तुम्ही रोज बसता तिच्यावर."

सीटवर बंदी आली. बंदीचा हुकूम जंगलातल्या घराघरांत एका दिवसात पोचवायचा होता. जांबूरावांनी तो संध्याकाळच्या आत वाटला. टपाल इतक्या लवकर कधीच पोचलं नव्हतं. वाईट सीट हटवल्याचाच हा परिणाम, असं म्हणून दरबाराने समितीचा सत्कार केला.

सत्काराला जांबूराव सायकलवरूनच गेले होते. मागेच थांबले, सायकलवर बसूनच, एक पाय जमिनीला टेकून. खाली सीट कुठली आहे, ते कोणाला दिसलं नाही. जांबूराव तिच्यावर बसले होते ना.

तात्पर्य: सीट आरामाची आहे का, हे तिच्यावर बसणाऱ्याला कधी विचारू नये. त्याचं मत अनुभवाने बिघडलेलं असतं.