रावजीआबांचं न संपणारं गाऱ्हाणं

रावजीआबा बोलता बोलता समोरच्या माणसाचा हात मागतात. त्यांना हात बघता येतो अशातला भाग नाही. आबा देवाचे उपकार मोजतात, आणि ते बोटांच्या पेरांवर मोजतात. एका हाताची पेरं बारा, दोन हातांची चोवीस. चोवीस झाले की आबांचे स्वतःचे हात संपतात. मग "गुर्जी, जरा हात द्या" म्हणून ते माझ्या करंगळीपासून पुढे सुरू करतात. एकदा पोलादपूरच्या स्टँडवर मी पाऊण तास असा हात देऊन उभा होतो. ओळखीचा एक कंडक्टर बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "गुरुजी, तो म्हातारा काही बरं सांगतो का? मलाही दाखवायचा होता."

मी पोलादपूरपासून बरंच आत असलेल्या एका वाडीवर शाळामास्तर आहे. माझं गाव घाटावर, वाईजवळ. इथं आबांच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत मी पाच वर्षं राहतोय. आबांनी सत्तरी ओलांडली आहे. बायको जाऊन आठ वर्षं झाली, एकुलता मुलगा सुनील बदलापूरला असतो. स्वयंपाक ते स्वतःच करतात आणि तो बिघडला तर त्याचेही आभार मानून जेवतात.

मी स्वभावानं तक्रारखोर. शाळेचं छप्पर गळतं म्हणून वरती इतके अर्ज पाठवले की माझं अक्षर सुधारलं. हे दुःख मी आबांना सांगितलं तर म्हणाले, "गळतंय म्हंजे छप्पर हाय. ह्ये बी धरा." हे त्यांचं पालुपद. वाडीत चार दिवस वीज नव्हती तेव्हा म्हणाले, "डोळ्यांना इसावा. धरा." घाटात दरड पडून रस्ता बंद झाला आणि माझं गावी जाणं बोंबललं. आबा शांतपणे म्हणाले, "रस्त्यावर पडली, कुनाच्या घरावर नाय. आन् तुमी हितंच ऱ्हायलात. दोन धरा." अशा माणसाशी भांडता येत नाही. मी करून पाहिलं आहे.

हे सगळं वर्षभर किरकोळीत चालतं. खरी मोजदाद गणपतीत. इथं वाडीत आरती झाली की घरातला वडीलधारा माणूस हातात नारळ घेऊन गणपतीसमोर उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. म्हणजे घरादाराच्या वतीनं देवाकडे मागणं मागतो. पोराला नोकरी दे, गुडघा बरा कर, जागेचा तंटा मिटव. प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नारळ फुटेपर्यंत कुणी उठत नाही, अशी रीत आहे. इतर घरांत हे पाच मिनिटांत उरकतं. आबा मात्र काहीच मागत नाहीत. वर्षभरात काय काय मिळालं ते देवाला सांगत बसतात. पाऊस, भात, शेळीची जुळी करडं, सुनेची तब्येत सुधारली इथपासून ते भिंतीवरचं घड्याळ आपोआप पुन्हा चालू झालं इथपर्यंत. मोदक निवतात, पोरं एकमेकांना चिमटे काढतात, मोठी माणसं डोळे मिटून पत्त्यांचा डाव आठवतात आणि सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणत राहतात.

या सवयीचा आबांनी एकदा चांगलाच फायदा घेतला. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सुनील बायकापोरांना घेऊन आला होता. घर भरलं होतं. गाऱ्हाणं चाळिशीच्या पुढे गेलं होतं आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. आबा त्याच सुरात म्हणाले, "आन् आमचा सुनील औंदा गौरी जाईपर्यंत घरी ऱ्हातोय, त्याबद्दल उपकार झालं."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज सुनीलचा.

मग तो दचकला. "आबा, माझी रजा दोनच दिवस हाय. परवा ड्युटी हाय माझी."

"आता माज्या हातात काय नाय रे," आबा म्हणाले. "तू व्हय कुनाला म्हनलास?"

बिचारा मोबाइलला रेंज मिळते त्या टेकाडावर चढला आणि साहेबाशी अर्धा तास बोलून आला. गौरी जाईपर्यंत राहिला. वाडी हसून हसून दमली, मीही हसलो. आबा त्या दिवसांत घरातल्या घरात नुसते फिरत होते, या खोलीतून त्या खोलीत.

पुढच्या वर्षी सुनील आला, पण गाऱ्हाणं चालू असताना त्यानं तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं. आबांनी ते पाहिलं. त्या वर्षी त्यांनी त्याचं नावच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. गेल्या वर्षी तर रजेचं जमलंच नाही.

यंदा श्रावणात सुनीलचा फोन आला. बदलापूरच्या ब्लॉकमध्येच गणपती बसवतोय म्हणाला. पोरांच्या परीक्षा, हायवेचे खड्डे, रजेची कटकट. आबा, तुम्हीच या इकडं. आबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पोराच्या सोताच्या घरात देव बसतोय. चांगलं झालं."

"मग जाताय ना?"

"माजा गनपती कुनाच्या भरवशावर टाकू, गुर्जी?"

एवढंच बोलून ते गोठ्याकडे गेले. पेरावर अंगठा ठेवला नाही की "धरा" म्हणाले नाहीत. मी तेव्हा माझ्या सुट्टीच्या तयारीत होतो, माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

गणेशचतुर्थीला मी दुपारी एकच्या एसटीनं निघणार होतो. आई गौरीसाठी वाट बघत होती. बाराच्या सुमारास वाडीतली पोरं घरोघर आरती करत आबांकडेही आली. यंदा पाच घरांना कुलपं, त्यामुळे माणसं कमीच. आरती झाली, आबांनी नारळ हातात घेतला आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "आबा, गाऱ्हाणं तुमी सावकाश घाला. आजून पाच घरं करायची हायत," असं म्हणून सगळी चपला घालून पुढे गेली. वागणं वाईट नव्हतं. आबांचं गाऱ्हाणं सगळ्यांना माहीत होतं इतकंच.

मी बॅग घेऊन निरोप घ्यायला आत गेलो तेव्हा आबा अजून नारळ घेऊन तसेच उभे होते. मला पाहून त्यांनी टोपी सारखी केली.

"देवा म्हाराजा, पाऊस येळेवर दिलास, उपकार झालं."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. त्या मोठ्या माजघरात माझा एकट्याचा आवाज ऐकून मलाच कसंतरी झालं.

"भात बरं हाय."

"व्हय म्हाराजा."

"आज सुनीलच्या घरात तू बसलास. त्याच्याकडं आरतीला मानसं हायत."

"व्हय म्हाराजा."

"सगळ्यांना सांभाळ," असं म्हणून आबांनी नारळ फोडायला उचलला.

साठ उपकारांत न आटपणारा माणूस तिनात थांबला होता. मी विचारलं, "आबा, एवढंच?"

"तुमची एकची गाडी हाय ना," आबा म्हणाले. "आई वाट बघत आसंल. म्हनून आटपतं घेतलं."

पाच वर्षं मी या लांबणीला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. म्हातारा देवाला सांगत होता हे खरंच होतं, पण तो सांगत होता तोवर घरातून कुणी उठत नव्हतं, हेही खरं होतं. आणि आज त्यानं आपण होऊन मला उठायची मोकळीक दिली होती.

मी बॅग भिंतीला टेकवून ठेवली. "आबा, फोडू नका. बरंच राहिलंय."

"काय ऱ्हायलं?"

मला पटकन एकही सुचेना. तक्रारी विचारल्या असत्या तर घडाघडा सांगितल्या असत्या. "तांबडी गाय," मी शेवटी म्हणालो. "सुखरूप व्यायली. ते कुठं सांगितलंत?"

"व्हय की," आबा म्हणाले आणि देवाकडे वळले. तिला पाडी झाली, दूध बरं आहे, सगळं त्यांनी सांगितलं. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग मी त्यांना मागच्या दारच्या तोंडलीच्या वेलाची आठवण करून दिली. त्यावरून त्यांना विहिरीचं पाणी आठवलं, पाण्यावरून दुरुस्त झालेला पंप.

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. आबा थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शाळेत यंदा दोन मुलं वाढली," मी म्हणालो. "ते सांगा."

आबांनी नारळ छातीशी धरला आणि शाळेत दोन पोरं वाढल्याचं, त्यांच्या नावांसकट, सावकाश देवाला सांगायला लागले.