एकवीस नंबरची जागा

पहिल्या दिवशी उशीर झाला म्हणून तो दिसेल त्या वर्गात घुसला. सरांनी "एकवीस" पुकारलं, त्याने "हजर" म्हटलं, आणि घात झाला.

तो वर्ग ब तुकडीचा होता. याचा नंबर एकवीसच, पण अ तुकडीत. तिसऱ्या दिवशी हे कळलं, तरी बिचारा तिथून हलला नाही. कारण तोवर शेजारच्या जाड्याने त्याच्यासाठी बाकावर दप्तर टाकून जागा धरायला सुरुवात केली होती. उभ्या जन्मात त्याच्यासाठी कोणी जागा धरली नव्हती.

"एकवीस, इकडे ये रे!" जाड्या ओरडायचा. नाव कुणी विचारलंच नाही. हा तोंडाला कुलूप लावून बसला. खरा एकवीस कधीतरी उगवेल, या धास्तीने त्याला जेवण गोड लागेना. पण तो काही उगवला नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. वर्ग प्रतिनिधी म्हणून पोरांनी यालाच निवडून दिलं! ओळखपत्र करायला ऑफिसात जावं लागलं. कारकूनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"अरे बाळा, तू अ तुकडीचा. तुझ्या नावावर तिकडे रोज हजेरी लागतेय. कोण लावतंय?"

कोण लावणार? ब तुकडीचा एकवीस. तोही पहिल्या दिवशी चुकला होता, तोही गप्प बसला होता.

दुसऱ्या दिवशी दोघांची अदलाबदल झाली. हा मान खाली घालून अ तुकडीत शिरला. मधल्या बाकावर एक जागा रिकामी होती, तिच्यावर दप्तर होतं.

"इथे बसू?"

"नाही. एकवीसची जागा आहे."

"मीच एकवीस."

"चल, काहीही! आमचा एकवीस वेगळा आहे. येईल तो परत."

हा मागच्या भिंतीला टेकून एकटाच बसला. सुट्टीत व्हरांड्यात आला, तर ब तुकडीच्या दाराशी एक अनोळखी मुलगा पडेल चेहऱ्याने उभा होता. हाच तो, हे विचारावं लागलं नाही.

"तुला बसायला जागा मिळाली?" याने विचारलं.

"कुठली! एक जाड्या आहे, दप्तर काढतच नाही. म्हणतो, एकवीससाठी धरलीय."

याला आत जाऊन जाड्याला मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात घंटा झाली, आणि दोघे आपापल्या वर्गात भिंतीला टेकायला गेले.