राजाच्या पंपाचा वॉशर

"बाबा, मले ज्याच्याशी लगन करायचं हाये तो राजा हाये," अंजूने भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं आणि रूपरावांना असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं.

"नाव काय त्याचं?" कांताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवत विचारलं. बाईमाणूस मुद्द्याचं आधी विचारतं.

"योगेंद्र. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी खैरडोह म्हणून संस्थान होतं. आता संस्थान नाई, पण घराणं हाये. वर्ष झालं, आपल्या पेजवर वळख झाली."

हे पेज म्हणजे रूपरावांच्या दुकानाचं. अल्लीपुरात बाजारचौकात त्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं, फवारणीचे पंप आणि पंपांची दुरुस्ती. त्यामुळे रूपरावांच्या सदऱ्याच्या खिशात चिल्लर नसली तरी चालेल, पण दोन-चार वॉशर नेहमी खुळखुळत असायचे. अंजूने कृषी पदविका घेतली आणि दुकान मोबाईलवर नेलं. कोणी पानाचा फोटो टाकावा, हिने रोग सांगावा. अशाच एका दिवशी कोण्या योगेंद्रने पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचा फोटो टाकला. आधी सोयाबीन झालं, मग संत्रा झाला, मग आवडीनिवडी झाल्या. पुढचं सांगायला नको.

"राजा सोयाबीन पेरते?" रूपराव गरजले.

"मंग काय मोती पेरीन?" अंजू म्हणाली.

आता रूपराव एवढे का गरजले, हे समजायला हवं. राजा या विषयात गावात त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता. गणपतीतल्या नाटकात नाटक दरवर्षी बदलायचं, राजा मात्र कायम रूपराव. चाल अशी, की पायाखालची फळी करकरावी. हसणं असं, की पुढच्या रांगेतली पोरं रडावीत. आणि "कोण आहे रे तिकडे!" ही आरोळी माइकशिवाय थेट बसस्टॉपपर्यंत जायची. सवय अशी जडली, की घरीसुद्धा पाणी हवं असलं की खाटेवरून तीच आरोळी. आतून कांताबाईंचं उत्तरही ठरलेलं. "कोणी नाई! सोता उठा अन् घ्या!"

रूपराव निमूट उठून घ्यायचे. आपण खोटे राजे, आपलं कोण ऐकतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

त्यात आदल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत मोबाईलवरच्या फसवणुकीचा कार्यक्रम झाला होता. तिथे आलेल्या साहेबांनी बजावून सांगितलं होतं, की ऑनलाइन परदेशातला डॉक्टर भेटला, फौजेतला अधिकारी भेटला किंवा राजघराण्यातला वारस भेटला, तर समजा, गळ टाकलाय. रूपराव पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. तिघांपैकी तिसरा आपल्याच घरात निघेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. एकुलती एक पोर, जीव की प्राण. तिला कोणी गंडवलं तर त्या माणसाचं सोडा, स्वतःलाच त्यांनी कधी माफ केलं नसतं.

त्यांनी हात धुतले आणि पण केला. "बोलाव त्याले. येत्या इतवारी. राजाले राजाच ओळखते, पोरी. दोन मिन्टात त्याचं पितळ उघडं पाडतो."

रविवारी दुकान बंद ठेवलं. समोर मांडव, दाराला तोरण. मधुकरराव टेलर सकाळीच हजर झाले. नाटकातले कपडे तेच शिवायचे आणि नाटकात प्रधानही तेच असायचे. त्यामुळे राजाने विचारायच्या आत "जशी आज्ञा" म्हणायची त्यांना सवय होती.

"टेम्पोतून खुर्च्या अजून उतरवल्या नाई कोणी!" रूपराव कावले होते. तेवढ्यात मोटारसायकलवरून एक तरुण उतरला. अंगावर धूळ, मिशीचा पत्ता नाही आणि पाठीवर मोडका फवारणी पंप.

"नमस्कार. याचा वॉशर मिळेल का? दाब धरत नाही."

"भाऊ, आज दुकान बंद हाये. आमच्या घरी राजा येऊन राह्यला!"

"हो, पण मी..."

"मी-बी काई नाई. हात रिकामे हायेत ना? तो पंप ठेव तिकडे अन् ह्या खुर्च्या उतरव बापा. पुण्य लागीन."

तरुणाने क्षणभर विचार केला, पंप खांबाला टेकवला आणि खुर्च्या उतरवल्या. रांगेत मांडल्या. तोरण एका बाजूला कललं होतं, तेही स्टुलावर चढून सरळ केलं. रूपराव मधुकररावांना म्हणाले, "पोरगं कामाचं हाये." मग सगळे रस्त्याकडे तोंड करून मोठ्या गाडीची वाट पाहू लागले. तो तरुणही त्यांच्याच रांगेत उभा राहून वाट पाहू लागला, कारण काय बोलावं हे त्याला सुचेना.

अंजू पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. "अगं बाई! योगेंद्र, तुमी कवा आले? अन् हे हाताले काय लागलं?"

"खुर्चीचा खिळा," योगेंद्र म्हणाला.

दुसरा कोणी असता तर शरमेने मेला असता. रूपरावांचं तसं नव्हतं. त्यांनी मधुकररावांना बाजूला ओढलं आणि त्यांचे डोळे चमकले. "पाह्यलं? राजा असता तं खुर्च्या उचलल्या असत्या का? सापडला!"

"जशी आज्ञा," मधुकरराव म्हणाले.

मग ओसरीवर परीक्षा सुरू झाली. कांताबाई पोहे खा, पोहे खा म्हणत होत्या, पण राजेसाहेबांना घास घ्यायला उसंत मिळेना.

"हत्ती हाये का?" मधुकररावांनी पहिला बाण सोडला.

"आजोबांच्या वेळी होता. आता दोन म्हशी आहेत."

"तलवार?"

"आहे. आईच्या कपाटात. दसऱ्याला पूजेला काढतो."

"जरा चालून दाखवा," रूपराव म्हणाले. योगेंद्र दारापर्यंत गेला आणि परत आला. फळीच काय, चप्पलसुद्धा वाजली नाही. "आता हासून दाखवा."

"कशावर हसू?"

"राजा कशावर हासत नसते! राजा नुसता हासते! असा!" आणि रूपरावांनी ठेवणीतलं हास्य काढलं. ओट्यावरचं मांजर उडी मारून पळालं, रूपरावांच्या खिशातले वॉशर खुळखुळले आणि योगेंद्रला खरोखरच हसू आलं. पण ते साधं, गालातल्या गालात.

"नापास," रूपराव मधुकररावांच्या कानात म्हणाले. पण नाटकी माणसाचं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत जातं. सगळ्या आळीने ऐकलं.

योगेंद्र उठला. रागावला नाही. "आपली शंका बरोबर आहे, जी. मुलगी तुमची आहे. दसऱ्याला खैरडोहला या, घर पाहा, माणसं पाहा, मग सांगा." त्याने कांताबाईंना नमस्कार केला, मोडका पंप पाठीवर टाकला आणि गेला. त्या गडबडीत वॉशर राहूनच गेला.

संध्याकाळी अंजू बापाजवळ येऊन बसली. रडली नाही की भांडली नाही. "बाबा, तुमी नाई म्हणाल तं मी पळून जाणार नाई. पण दुसऱ्या कोणाशी करणारबी नाई. सांगून ठेवते."

"इतका इस्वास हाये त्याच्यावर?"

"त्यानं तुमच्या खुर्च्या उचलल्या, अन् तुमी कावून बोलले तरी एका शब्दानं उलटून बोलला नाई. अजून काय पाह्यजे?"

रूपराव रात्रभर कूस बदलत राहिले. पण एकदा पण केला म्हणजे केला. दसऱ्याच्या दिवशी मधुकररावांसकट सगळ्यांसाठी मोठी जीप सांगितली, आणि निघताना घरातून जे बाहेर आले ते रूपराव नव्हते. जरीचा अंगरखा, मोत्यांच्या माळा, तुऱ्याचा फेटा, कमरेला पत्र्याची तलवार.

"अवो, लोकं हासतीन!" कांताबाईंनी कपाळाला हात लावला.

"हासू दे. राजा कसा असते हे त्याइले एकदा दिसलं पाह्यजे. खोटा असला तं तिथंच घाम फुटीन."

खैरडोहचा राजवाडा पाहून मात्र फेट्याखाली रूपरावांनाच घाम फुटला. वाडा धडधाकट होता आणि नुसता गजबजला होता. पुढच्या अंगाला बँकेची शाखा. डावीकडे संत्र्याच्या पॅकिंगची मशीन. वरच्या मजल्यावर शिवणाचा क्लास. मधल्या चौकात एक उंच गादी मांडलेली आणि समोर पंचक्रोशीतली माणसं सोनं द्यायला जमलेली. रूपराव जीपमधून उतरले, फळी नसतानाही जमीन करकरेल अशा चालीने चौकात आले आणि गर्दी दुभंगली. एका म्हाताऱ्याने वाकून त्यांच्या हातात आपट्याची पानं दिली. त्याचं पाहून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. रांगच लागली.

"माय वो," कांताबाई पुटपुटल्या, "इथंबी याइचंच नाटक."

खरा राजा कुठे होता? तो चौकाच्या टोकाला खुर्च्या मांडत होता. जमलेल्या लोकांना त्यात नवल काहीच नव्हतं. त्याला ते रोजच बघायचे. आज नवल होतं ते या तुरेवाल्या पाहुण्याचं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आल्या. साधी सुती साडी, कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात तोच मोडका पंप. या राणीसाहेब, योगेंद्रची आई. त्यांनी रूपरावांना तुऱ्यापासून जोड्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमी अंजूचे वडील? कृषी केंद्रवाले?"

"हो, जी."

"वाटत तं नाई." बाईंनी पंप त्यांच्यासमोर ठेवला. "आता खरं सांगते, राग मानू नका. तुमची पोरगी मोबाईलवर फुकटात सल्ले देते. आजकाल फुकट कोणी काई देते का? बँकेतले साहेब म्हणाले, राणीसाहेब, सांभाळून, हे फसवणुकीचं लक्षण हाये. म्हणून मीच ह्याले पंप घेऊन पाठवलं. म्हटलं, दुकान खरं असलं तं वॉशर भेटीन. हा गेला तसाच परत आला. दुकान म्हणे बंद होतं. अन् आज तुमी असे आले, नाटक कंपनीतून आल्यासारखे. आता सांगा, मी काय समजू?"

रूपरावांनी अंजूकडे पाहिलं. ती ओठ दाबून उभी होती आणि डोळे भरून आले होते. भामटा पकडायला निघालेल्या बापाने पोरीचं ठरत आलेलं लग्न स्वतःच्या हाताने मोडत आणलं होतं. खोटे ठरले होते ते, आणि तेही तुऱ्यासकट.

मग त्यांनी तलवार काढून कांताबाईंच्या हातात दिली. फेटा मधुकररावांच्या डोक्यावर ठेवला. अंगरख्याच्या बाह्या सारल्या आणि गादीच्या पायरीवर बैठक मारून पंप मांडीवर घेतला. झाकण फिरवलं, दट्ट्या बाहेर काढला. "वॉशर कुजला हाये. वरतून नळीबी चेपली. कोण वापरते हा पंप?"

"मीच," योगेंद्र खुर्च्या टाकून धावत आला.

"हळू दाबत जा बापा. पंप हाये, वैरी नाई."

अंगरख्याखालच्या सदऱ्याच्या खिशात त्यांनी हात घातला. खुळखुळ वाजलं. वॉशर निघाला, अगदी मापाचा. राणीसाहेब वाकून पाहू लागल्या. बँकेतले साहेबही पाहू लागले. आता पाना हवा होता. रूपराव कामात गुंगले होते, मान वर न करता त्यांनी सवयीने आरोळी ठोकली.

"कोण आहे रे तिकडे! पाना आणा!"

खऱ्या राजवाड्यातली खरी आरोळी. कमानीखालची कबुतरं उडाली. शिवणाचा क्लास खिडकीत आला. माणसं ताठ उभी राहिली. रूपरावांच्या अंगावर काटा आला, कारण आयुष्यात प्रथमच ते वाक्य योग्य जागी पडलं होतं.

"कोणी नाई!" राणीसाहेब शेजारूनच म्हणाल्या. "पाना आत खिडकीत हाये. सोता उठा अन् घ्या!"

कांताबाई तलवारीसकट हसत सुटल्या.

"आमचे वडील," योगेंद्र हळूच म्हणाला, "जन्मभर ह्याच गादीवरून असं ओरडायचे. कधीच कोणी आलं नाही."

रूपराव त्याच्याकडे पाहत राहिले. खऱ्या राजाकडेही कोणी येत नाही! म्हणजे इतकी वर्षं आपल्या घरी जे चाललं होतं, ते रीतीला धरूनच होतं. घर असंच असतं, आणि अशा घरात पोर सुखात राहील. त्यांना एकदम हलकं वाटलं.

ते उठले, आत गेले आणि पाना घेऊन आले. वॉशर बसवला, पाणी भरलं, दोनदा दट्ट्या मारला. पंपातून बारीक, एकसारखा फवारा उडाला आणि गादीवर, राणीसाहेबांवर आणि बँकेच्या साहेबांवर पडला.

"दुकान खरं हाये," राणीसाहेब पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "तुमचं काय म्हणणं?"

"आमचं काय," रूपराव म्हणाले आणि योगेंद्रच्या हातातली खुर्ची घेऊन स्वतः मांडू लागले. "जावईबापू, ती दुसरी रांग जरा सरळ करा."

"जशी आज्ञा," फेटा सावरत मधुकरराव म्हणाले आणि तेही खुर्च्या उचलायला धावले.