नत्थूमामांचा कोपरा

नत्थूमामा प्लास्टिक मागायला येत नाहीत, झडती घ्यायला येतात. दुधाची रिकामी पिशवी उजेडासमोर धरतात, एक डोळा मिटतात आणि विचारतात, "बाई, कोपरा कुठी हाये?"

चूक माझीच. भंडाऱ्यातला आमचा बायकांचा गट घरोघरचं प्लास्टिक गोळा करून विकतो. त्यावर नऊ चुली पेटतात. पत्रक मी लिहिलं होतं: पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, तो तुकडा नालीतून वैनगंगेत आणि पुढे थेट समुद्रात जातो. बायकांनी ते वाचलं. गटातल्या एकुलत्या एका पुरुषाने, म्हणजे मामांनी, मनावर घेतलं.

जन्मात समुद्र पाहिलेला नाही, पण बोलतात व्याह्याबद्दल बोलावं तसं. "समुद्र काय म्हणन? भंडाऱ्याच्या लोकायले काही वळणच नाही म्हणन!" कोपरा सापडेपर्यंत उंबऱ्यावर ठाण. जवाहरनगरला कामावर जाणाऱ्या एका साहेबांची यापायी कारखान्याची बस चुकली. कोपरा निघाला चहाच्या गाळणीत.

तक्रारी आल्या. मी भडकले. एका घरी अर्धा तास? तेवढ्यात तीन गल्ल्या होतात! बैठकीत ठराव करून टाकला: दारोदार फिरणं बंद, चौकात ड्रम, लोक आणून टाकतील. 

दुसऱ्या दिवशी घरोघर तशी सूचना द्यायला मी मामांसोबत फेरीवर निघाले. तिसऱ्या घरी आजीबाईंनी पिशवी आणून दिली. कोपरा पिशवीलाच लटकत होता.

"मामा, कोपरा आहे की. चला."

"हाये न," ते म्हणाले आणि बसून राहिले. आजीबाई त्यांच्या गुडघ्याची चौकशी करत होत्या.

गल्लीत आल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, त्या ड्रमपाशी कोणी बसन का?"

"कशाला? ड्रमला सोबत लागते का?"

"ड्रमले नाही लागत, माय." त्यांनी पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, लोकं पांगले. मंग बायको गेली. खोलीवर दिवसभर माह्यं नाव कोणी घेत नाही. इथं दारोदारी घेतेत."

मी सूचनांचा गठ्ठा झोळीत कोंबला आणि त्यांच्या पोत्याचं एक टोक धरलं. पुढच्या दारातून आधीच हाक आली, "नत्थूभाऊ, आज उशीर काहून?"