निळ्या ठिपक्याचं भरीत

माझ्या प्रयोगात चूक होत नाही. हे गर्वानं नाही, माहिती म्हणून सांगते. आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ अशी चिठ्ठी आहे आणि साखरेच्या बरणीवर ‘साखर, मीठ नव्हे’ अशी! तेव्हा गेल्या थंडीतल्या भरिताबद्दल तुमच्या कानावर काहीही आलं असो, माझा आराखडा निर्दोष होता. माणसं आडवी आली.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मागच्या इमारतीत माझी प्रयोगशाळा आहे. एक खोली, दोन कपाटं आणि एक खिडकी, जिच्यातून मेहरूणच्या तलावाकडचा वारा येतो. या खोलीवर जिमखान्याचा फार दिवसांचा डोळा. एके दिवशी प्राचार्य योगेंद्र सरांनी मला बोलावून सरळच सांगितलं.

“मोहिनी मॅडम, संशोधन केंद्राला मान्यता द्यायला समिती येतेय. केंद्र मिळालं तर खोली तुमची, नवी यंत्रंही तुमची. नाही मिळालं तर तिथे कॅरम!”

“मिळेल, सर.”

“समितीला एकाच संशोधनात विज्ञान, आरोग्य आणि समाज, तिन्ही हवंय. बठ्ठं एकाच ताटात!”

मग सगळ्या विभागांची बैठक झाली. एकानं मेहरूण तलावातलं शेवाळ सुचवलं.

“यात आरोग्य कुठे आलं?” प्राचार्यांनी विचारलं.

“पाणी प्यायलं तर बिघडेल ना, सर.”

“आणि समाज?”

“बिघडल्यावर लोक भेटायला येतील!”

दुसऱ्यानं केळी सुचवली, तिसऱ्यानं केळीच्या साली. मी शांतपणे ऐकत होते. सगळे थकल्यावर मी एकच शब्द उच्चारला.

“भरीत.”

मग कुणाचं तरी पोट वाजलं. ठराव मंजूर झाला!

आराखडा असा. तीस माणसांना भरीत खायला घालायचं. निम्म्यांना पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, निम्म्यांना गॅसवर भाजलेल्या वांग्यांचं. धुरानं चवीत काय फरक पडतो, हे विज्ञान. जेवणाआधी आणि जेवणानंतर प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा, हे आरोग्य. ते काम महाविद्यालयाचे डॉक्टर नवीन यांच्याकडे. पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, काय बोलतं, हा समाज. तो भाग समाजशास्त्राच्या प्रियल कोठारीकडे. प्रियलच्या घरी वांगं वर्ज्य, त्यात बिया फार म्हणून. अख्ख्या जळगावात भरिताच्या बाबतीत तटस्थ असलेलं एकमेव माणूस मला मिळालं होतं!

महत्त्वाचा नियम असा, की आपण कुठलं भरीत खातोय हे खाणाऱ्याला कळता कामा नये. मोजणाऱ्यालाही नाही. मलासुद्धा नाही! म्हणून भाजण्याच्या जागेभोवती मी कनात लावायला सांगितली आणि आत फक्त एका व्यक्तीला प्रवेश दिला. माझ्या सासूबाई, कुंदाबाई. भरिताच्या बाबतीत त्यांच्या हाताला तोड नाही.

“आई, लाल ठिपक्याच्या पातेल्यात एक प्रकार, निळ्या ठिपक्याच्या पातेल्यात दुसरा. कशात कुठला, ते प्रियल तुमच्या कानात सांगेल. मला सांगायचं नाही.”

“अन् हे गॅसवरलं कोन खाईन व माय?”

“विज्ञानासाठी खातील.”

“इज्ञानाले खाऊ घाल मंग,” असं काहीतरी पुटपुटत त्या कनातीत शिरल्या. मी तिकडे पुन्हा पाहिलं नाही. नियम म्हणजे नियम!

समितीच्या दिवशी मी सकाळी कनातीबाहेर उभी होते. आतून पऱ्हाट्यांचा धूर येत होता, लाकडी बडगीत वांगी ठेचल्याचा आवाज येत होता, लसूण-मिरचीचा वास तर तलावापर्यंत गेला असावा. कारण त्या दिशेनं माणसं येऊ लागली. तीस आली, पन्नास आली. मग एक टेम्पो थांबला आणि त्यातून धरणगावची माणसं उतरली!

“तुम्ही?” मी विचारलं.

“आमचा जावई स्वयंसेवक शे ना,” पुढचे पांढऱ्या टोपीचे आजोबा म्हणाले. त्यांचं नाव मगननाना. “भरीतले कोनी एकटा येस का, ताई?”

ते बरोबर होतं. खानदेशात एकाला भरिताचं आमंत्रण म्हणजे त्याच्या गल्लीला आमंत्रण. मी तीस स्वयंसेवक बोलावले होते, खानदेशानं त्याचा अर्थ तीस गल्ल्या असा घेतला. दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. मी म्हटलं, नमुना मोठा झाला. निष्कर्ष जास्त भक्कम!

“आई, वांगी पुरतील ना?” मी कनातीबाहेरून ओरडले.

“तू तीस म्हनली तवाच मी दोनशेची आनली!”

डॉक्टर नवीन प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधू लागले. मगननानांनी हात पुढे केला, पण भुवया वर गेल्या.

“जेवायना आधी दंडनं माप? शर्ट देतस का काय?”

“रक्तदाब मोजतोय, नाना.”

“मंग शर्ट नही?”

“नाही.”

“नही त नही. भरीत वाढा!”

इथपर्यंत सारं माझ्या हातात होतं. मग एका बाईंना कनातीच्या फटीतून गॅसचं लाल सिलिंडर दिसलं.

त्या बाईंनी शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं पंगतीला सांगितलं. पंगतीनं ताटांकडे पाहिलं. निम्म्या ताटांच्या काठावर लाल ठिपका, निम्म्यांच्या निळा!

“म्हणजे निम्म्यांना गॅसवरचं?”

“लाल म्हणजे जाळ. निळी तर गॅसची ज्योत असते!”

मी प्रियलकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती.

“प्रियल, तू खरंच तसं ठरवलं होतंस?”

“मोहिनीताई, माझ्याच लक्षात राहावं म्हणून हो...”

पंगतीची क्षणात फाळणी झाली. लाल ठिपक्याची माणसं ताठ बसली आणि सावकाश, डोळे मिटून खाऊ लागली. निळ्या ठिपक्याची माणसं ताटाकडे अशी पाहू लागली, जणू त्यात नापासाचा निकाल वाढला आहे! मगननानांच्या ताटाला निळा ठिपका होता. जावयाच्या ताटाला लाल.

“हाऊ काय न्याय शे?” मगननाना उठून उभे राहिले. “सासराले गॅसनं अन् जवाईले पऱ्हाटीनं?”

“नाना, चिठ्ठ्या टाकून ठरवलंय,” मी समजावलं. “कुणाचाही अपमान करण्याचा हेतू नाही.”

“हेतू नही, पन ठिपका त शे!”

जावई घाईघाईनं म्हणाला, “नाना, ताट बदलून घ्या ना.”

“आते कसाले? तू अर्ध खाई बठना!”

तिकडे कुणी नखानं निळा ठिपका खरवडत होतं. दोन पुऱ्यांच्या मोबदल्यात लाल ठिपक्याचं ताट मिळेल का, अशी बोलणी चालली होती. मी ताटांमधून फिरत एकच वाक्य म्हणत होते, “ठिपक्यांना हात लावू नका! ते आकडे आहेत!” आणि याच क्षणी समितीची गाडी आत आली.

समितीचे अध्यक्ष डॉ. लोटन बोरसे, मूळचे धुळ्याचे. नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि चष्म्यावरून आरपार जाणारी नजर. ते म्हणाले, “आम्हीही स्वयंसेवक होणार!” प्राचार्यांना वाटलं, जिंकलो. मला वाटलं, नमुना आणखी मोठा झाला. प्रियलनं प्रामाणिकपणे चिठ्ठी काढली. अध्यक्षांना निळा!

बाजूनं कुणीतरी हळूच कुजबुजलं. अध्यक्षांनी ठिपका पाहिला, पहिला घास घेतला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू त्याच रंगाचा झाला.

“मॅडम, गॅसवरचं भरीत मी नुसत्या वासानं ओळखतो. यात जीव नाही! घशाशी अडकतंय बघा.”

त्यांच्या शेजारच्या सदस्य बाईंच्या ताटाला लाल ठिपका होता. त्या म्हणाल्या, “अहो, माझं तर अमृत आहे!”

“असणारच,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी नुसता मुळा खाल्ला.

प्राचार्य माझ्या कानाशी आले. “मॅडम, कॅरमचे बोर्ड कुठे ठेवायचे ते पाहून ठेवू का?”

पण तुम्हाला सांगते, मी आतून आनंदानं फुलले होते. कारण आकडे येत होते, आणि काय आकडे! लाल ठिपक्याच्या लोकांनी चवीला भरभरून गुण दिले. निळ्यांनी इतके कमी दिले की एकानं उणे गुण देता येतील का, असं विचारलं. डॉक्टर नवीन घामाघूम होऊन आले.

“मॅडम, निळ्या लोकांचा रक्तदाब चढलाय! लाल लोकांचा उतरलाय! एवढा स्पष्ट फरक मी औषधानंसुद्धा पाहिला नाही.”

जेवणं आटोपली. सभागृहात समितीसमोर मी उभी राहिले. मागे पंगतीतली माणसं दाटीवाटीनं बसली होती, मगननाना पहिल्या रांगेत. मी हळू आवाजात, पण ठामपणे बोलले.

“पऱ्हाटीच्या धुरामुळे चव बदलते, रक्तदाब बदलतो, आणि माणसांची वागणूकही बदलते. एका वांग्यात विज्ञान, आरोग्य आणि समाज तिन्ही सामावले आहेत. हे आम्ही आज सिद्ध केलं आहे.”

टाळ्या पडल्या! अध्यक्षसुद्धा हलले. “मॅडम, प्रयोग कडक आहे. मी स्वतः त्याचा बळी आहे. केंद्राला माझी हरकत नाही. ज्यांनी हे दोन्ही प्रकार रांधले, त्यांचा सत्कार झालाच पाहिजे.”

कुंदाबाई पदराला हात पुसत मंचावर आल्या. शाल अंगावर पडली. अध्यक्षांनी विचारलं, “आजी, गॅसवर वांगी भाजताना तुम्हाला काय वेगळं जाणवलं?”

“गॅसवर?” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे. “गॅसवर त पुऱ्या तयल्या, भाऊ. ज्वारी-उडदाच्या, कयन्याच्या.”

“आणि निळ्या पातेल्यातली वांगी?”

“तेबी पऱ्हाटीवरलेच. बठ्ठे एकाच आगीवरले, एकाच बडगीतले. पाव्हन्यायच्या ताटात गॅसवरलं भरीत वाढू? उद्या मेहरूनमधी तोंड कसं दाखवू मी?”

मी फळ्यावरच्या माझ्या आकड्यांकडे पाहिलं. आकड्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आई,” मी कसंबसं विचारलं, “मग मला सांगितलं का नाही?”

“तूच म्हनली ना, मले सांगू नको!”

पहिल्या रांगेत मगननाना पुटपुटले, “म्हनजे मी चांगलं भरीत सोडी दिनं?” जावई छताकडे पाहू लागला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. माझी खोली, माझी यंत्रं आणि माझं केंद्र त्या पुसलेल्या काचेतून दूर जाताना मला स्पष्ट दिसत होती.

तेवढ्यात प्रियल उभी राहिली. “सर, भरीत एकच होतं. फरक होता तो फक्त ठिपक्याचा. तरी चव बदलली, रक्तदाब चढला, सासरे-जावई रुसले. आपल्यापेक्षा दुसऱ्याला बरं मिळतंय, एवढं वाटणं पुरलं. हा निष्कर्ष नाही का?”

अध्यक्षांचा चेहरा उजळला. बुडत्याला काडी मिळावी, तीही पऱ्हाटीची!

“अगदी!” ते म्हणाले. “माझ्या हे आधीच लक्षात आलं होतं. म्हणून तर मी मुद्दाम तक्रार करून पाहिली!”

सदस्य बाईंना अचानक खोकला आला.

केंद्राला मान्यता मिळाली. एकमतानं, टाळ्यांच्या गजरात. समाजशास्त्राच्या! यंत्रांऐवजी खुर्च्या आल्या आणि माझ्या खोलीच्या दारावर प्रियलच्या विभागाची पाटी लागली. कॅरमपेक्षा हे बरं, असं प्राचार्य म्हणतात. मगननाना येत्या थंडीतल्या प्रयोगासाठी आत्तापासून नाव नोंदवून बसले आहेत. अट एकच, लाल ठिपका.

प्रियल मोठ्या मनाची. तिनं खोलीतलं एक कपाट मला ठेवलं, दुसरं स्वतःला. गोंधळ नको म्हणून तिनं दोन्हीवर खुणा केल्या. तिच्या कपाटावर लाल ठिपका, माझ्या कपाटावर निळा.

दोन्ही कपाटं एकाच सुतारानं, एकाच मापाची केली आहेत. मी स्वतः पट्टी लावून मोजली आहेत, दोनदा. पण खरं सांगू? निळं जरा लहानच आहे!